नऊ चाळीसची उभारी

लाज मोजणारं यंत्र अजून निघालेलं नाही, हे माझं नशीब. उभारी मोजणारं निघालं आणि त्यानंच माझी पुरती शोभा केली. सांगायला सुरुवात केलीच आहे तर सगळं सांगतो, मधलं काही गाळत नाही. गाळायची खोड मला आहे, ती पुढे कळेलच.

मी हेमंत डुबल. कराडच्या जलमापन कार्यालयात उपप्रमुख. कुणी जमिनीखालून किती पाणी उपसलं ते पाहायचं, हे आमचं काम. पूर्वी त्यासाठी गावोगाव हिंडावं लागे. आता प्रत्येक बोअरच्या तोंडाशी यंत्र बसलंय, आकडे आपोआप येतात आणि आम्ही ते आले का एवढंच पाहतो. अशी अर्धी रिकामी माणसं राज्यभर झाली, तेव्हा सरकारनं पन्नाशीवरच्या नोकरदारांसाठी ‘दुसरा डाव’ नावाची योजना काढली. नवरा-बायको दोघांनी चाळीस दिवस छातीला एकेक टिकली लावायची. आपल्याला कशानं उभारी येते ते त्यातून कळणार आणि त्याप्रमाणे पुढचं काम मिळणार. कुणाला बढती, कुणाला बदली, कुणाला चक्क नवं शिक्षण. वयाची अट नाही, मार्कांची नाही, पाहायचा तो फक्त आलेख.

टिकली हे लोकांनी दिलेलं नाव. शर्टाच्या बटणाएवढी ती चकती गळ्याच्या हाडाखाली चिकटवायची. ठोक्या-ठोक्यांतलं अंतर, श्वासाची खोली आणि घामातली दोन-तीन रसायनं ती टिपायची. यात नवं काही नव्हतं, मनगटावरची घड्याळं हे कधीपासून करत होती. अडचण एवढीच होती की छाती भीतीनंही धडधडते आणि आनंदानंही. सुरुवातीला शरीर दोन्हीकडे सारखंच बोलतं. टिकली बनवणाऱ्यांच्या लक्षात आलं की फरक नंतरच्या अर्ध्या तासात असतो. भीती किंवा चीड ओसरली की शरीर दमतं, श्वास उथळ होतो. मनाजोगतं काम झालं तर ठोके शांत होतात, पण श्वास खोलच राहतो. माणूस दमलेला असतो आणि तरी भरलेला असतो. त्या भरलेपणाला त्यांनी उभारी म्हटलं.

आपण काय करतोय हे टिकलीला कळत नसे. ती वेळ आणि उभारी साठवायची आणि झोपताना बशीसारख्या तळावर ठेवली की सगळं ओतायची. कुठल्या वेळी काय केलं ते आपण रोजनिशीत लिहायचं आणि मग दोन्ही जुळवायचं. ती कुणाच्या अंगावर आहे हेही तिला कळत नसे, कारण ठोक्यांवरून माणूस ओळखायला खासगीपणाच्या कायद्यानं बंदी होती. चकतीच्या पाठीवर एक बारीक ठिपका असे. निळा ठिपका माझ्या नावावर नोंदला होता, केशरी वृषालीच्या.

वृषाली माझी बायको. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, मुलगी नोकरीला नागपुरात. वृषाली घरी ब्लाउज शिवायची. पण खरं सांगायचं तर तिच्याकडे शिवायला येणाऱ्या बायकांपेक्षा बिघडलेली शिलाई मशिनं घेऊन येणाऱ्या बायका जास्त. दोरा तुटतो, टाका सुटतो, चाक अडकतं, की चला डुबल वहिनींकडे. ती ते मशीन उघडून वर्तमानपत्रावर पसरायची, एकेक पुर्जा पुसून परत बसवायची. मला तेलाचा वास सहन होत नाही. हे घर आहे की गॅरेज, असं मी इतक्यांदा म्हणालो की पुढं पुढं मी घरी असताना मशिनं दिसेनाशी झाली. माझ्या बोलण्याला किती वजन आहे, असं वाटून मी खूश.

टिकल्यांचा खोका आला तो खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. आमच्याकडे खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं पुजतात. पाटावर स्कूटरची किल्ली, वृषालीची कात्री आणि स्क्रू ड्रायव्हर, मिक्सर, माझा टॅब हे सगळं मांडलं. टिकल्याही यंत्रच की, असं म्हणून मी त्याही मांडल्या आणि दोन्हींना गंध लावून वर ठसठशीत कुंकू लावलं. पुजलेली हत्यारं त्या दिवशी वापरायची नसतात. दसऱ्याला सकाळी मी एक स्वतःकडे घेतली, एक तिला दिली. ती म्हणाली, ठिपका बघून घ्या, कुंकवाखाली दिसत नाही. मी म्हटलं, पुजलेलं असं लगेच पुसायचं नसतं, आणि डावीकडची माझी आहे, मीच ठेवली होती. मग सोबत आलेलं पातळ पारदर्शक आवरण त्यावर चिकटवलं, कुंकवासकट. तळावरही डावी वाटी माझी, उजवी तिची ठरली आणि चाळीस दिवस त्यात बदल झाला नाही.

डिसेंबरात निकाल आले. योजनेच्या समुपदेशक ऋतुजा निकम यांनी पडद्यावर माझा आलेख उघडला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. म्हणाल्या, असा आलेख जिल्ह्यात दुसरा नाही. रोज सकाळी नऊ चाळीसला रेघ जी वर चढायची ती दुपारी जेवणापुरती थोडी खाली येऊन पुन्हा वर, आणि संध्याकाळी साडेसहाला एकदम खाली. आता नऊ चाळीस ही माझी स्कूटर सुरू करायची वेळ. साडेसहा ही घरी परतायची. रविवारी दिवसभर रेघ आडवी. याचा अर्थ शेंबडं पोरही सांगेल, असं मला वाटलं. हा माणूस कामासाठीच जन्माला आलाय! माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. इतकी वर्षं मी स्वतःला कामचुकार समजत होतो, आणि इथं यंत्र सांगत होतं की बाबा, तू कर्मयोगी आहेस.

एका रविवारी मात्र दुपारी पन्नास मिनिटं रेघ चढली होती. रोजनिशीत पाहिलं तर मी केस कापायला गेलो होतो. त्याचाही अर्थ मी लावला. न्हाव्याच्या खुर्चीत मला कामाच्या कल्पना सुचतात, असं मी मॅडमना सांगितलं आणि त्यांनी ते टिपून घेतलं.

दोन आठवड्यांत मला विभागप्रमुखपदाचा आदेश आला. बावीस जानेवारीला सत्कार ठरला. तोवर मला तीन कार्यालयांत ‘कामावर प्रेम कसं करावं’ यावर बोलायला बोलावलं. मी गेलो, तासतासभर बोललो आणि प्रत्येक ठिकाणी ती न्हाव्याची गोष्ट सांगितली. लोक वहीत लिहून घ्यायचे. आता आठवलं की कानशिलं तापतात.

वृषालीचा आलेख सपाट होता. सकाळपासून संध्याकाळपर्यंत धरणाच्या पाण्यासारखी एकच पातळी. फक्त रोज संध्याकाळी सात ते आठ या वेळात थोडी उभारी. सात ते आठ ती स्वयंपाकघरात असते. मी लगेच निकाल देऊन टाकला की तुझी उभारी स्वयंपाकात आहे, डबे सुरू कर. तिच्या डोक्यात भलतंच होतं. मिरजेला कृत्रिम हात-पाय बनवायचं नऊ महिन्यांचं निवासी शिक्षण त्याच योजनेत निघालं होतं. तीस जागा, अर्जाची मुदत वीस जानेवारी, संध्याकाळी पाचपर्यंत. गुडघ्याचा सांधा, बोटांच्या तारा, इवलाले स्क्रू, त्याचं माहितीपत्रक तिनं कितीदा वाचलं असेल देव जाणे. पण अर्जाला आलेख जोडणं सक्तीचं होतं. तिनं मला विचारलं, असा आलेख असला तरी अर्ज करून पाहू का.

मी काय म्हणालो ते जसंच्या तसं सांगतो. म्हणालो, “वृषाली, हसं करून घेऊ नकोस. यंत्र खोटं बोलत नाही. तुझ्यात ती उभारीच नाही, त्याला तू तरी काय करणार?”

ती म्हणाली, “मला वाटायचं, आहे.” आणि भाजी निवडायला घेतली.

सोळा जानेवारीला टिकल्या परत करायच्या होत्या. परत देण्याआधी आवरण काढून स्पिरिटनं पुसा, अशी सूचना होती. वृषाली बाजारात गेली होती. मी कापसाचा बोळा घेऊन बसलो. माझ्या टिकलीचं आवरण सोललं, वाळलेलं कुंकू पुसलं आणि खाली केशरी ठिपका निघाला.

मी दुसरी पुसली. तिच्यावर निळा.

पहिल्यांदा मला हसू आलं. मग मी टॅब उघडला आणि तो जिल्ह्यात दुसरा नाही असा आलेख पुन्हा पाहिला, आता तिचा म्हणून. सकाळी नऊ चाळीसला वर. संध्याकाळी साडेसहाला खाली. रविवारी दिवसभर आडवा, मी केस कापायला गेलो ती पन्नास मिनिटं सोडून. सव्वीस वर्षं जिच्याबरोबर संसार केला तिच्या छातीत खोल श्वास भरायचा तो मी उंबरठा ओलांडला की. मी जिन्यावर दिसलो की तो संपायचा. पायाखालची वाळू सरकली म्हणतात ना, तसं झालं. मी खुर्चीत असूनही खुर्ची घट्ट धरली.

आणि तो सपाट आलेख माझा होता. कार्यालयात दिवसभर मी मेल्यात जमा. उभारी फक्त सात ते आठ. त्या तासात मी काय करायचो? स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून बसायचो आणि तिची उलटतपासणी घ्यायचो. आज कोण आलं होतं, वास कसला येतोय, बिल का भरलं नाही, कालच सांगितलं होतं ना. रोज एक तास. त्यानंतर माझा श्वास खोल जायचा, भूक लागायची, बरं वाटायचं. शास्त्रानं सिद्ध झालं होतं की बायकोच्या चुका काढणं ही एकच गोष्ट मला जिवंत ठेवते. यासाठी कुठल्या खात्यात पद असेल तर मी खरोखरच पात्र होतो.

वृषाली पिशवी घेऊन आत आली आणि मी दोन्ही टिकल्या मुठीत घेतल्या. विचारलं तिनं, पुसल्या का. मी म्हणालो, हो.

मुदतीला चार दिवस होते. तिथल्या तिथं सांगितलं असतं तर तिनं खरा आलेख जोडून अर्ज भरला असता. पण मग माझा आदेश रद्द, सत्कार रद्द आणि तीन कार्यालयांतले लोक वहीतलं पान फाडणार. सतरा तारखेला सकाळी मी योजनेची नियमावली काढून वाचली, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. बत्तिसाव्या कलमात लिहिलं होतं की अर्जदारापासून माहिती दडवली गेली असेल आणि दडवणाऱ्यानं तारखेसह तसं स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं, तर मुदतीनंतर सात दिवस अर्ज घेता येईल. सगळी कागदपत्रं यंत्रं लिहायला लागल्यापासून सरकारला फक्त हाताचं लिखाण खरं वाटायचं. ते कलम वाचून मला हायसं वाटलं. म्हटलं, म्हणजे अजून वेळ आहे, घाई कशाला. मला वेळ तिच्यासाठी नको होता. वीस तारीख एकदा उलटली की खरं बोलायचं कारणच उरणार नाही, हे मला आतून पक्कं ठाऊक होतं.

अठरा गेली, एकोणीस गेली. त्या संध्याकाळी मी स्टूल टाकून बसलो नाही. वृषालीनं दोनदा विचारलं, बरं नाही का वाटत. कपाळाला हात लावून पाहिला. त्या हाताला तेलाचा वास होता आणि मी तोंड फिरवलं नाही, एवढंच काय ते माझं पुण्य.

वीस तारखेला सत्काराचा कोट शिंप्याकडून आणायचा म्हणून मी लवकर निघालो आणि पावणेपाचलाच घरी आलो. वृषाली जेवणाच्या टेबलाशी टॅबवर मिरजेचा अर्ज उघडून बसली होती. भरत नव्हती. वरच्या कोपऱ्यात उरलेली मिनिटं दिसत होती, ती नुसती पाहत होती. मला पाहून ती लगबगीनं उठली नाही की टॅब झाकला नाही. मी कोटाची पिशवी हातात धरून दारातच उभा राहिलो. पंधरा मिनिटं हातात होती. दोन वाक्यं पुरली असती. मी उभाच राहिलो. पाच वाजले आणि अर्ज करडा होऊन बंद झाला.

“झालं,” ती म्हणाली आणि हात धुवायला गेली.

नळाचा आवाज येत होता. ती रडत नव्हती, कुणाला दोष देत नव्हती, एक काम उरकल्यासारखी हात धूत होती. ते मला सोसलं नाही. मी पिशवी खाली टाकली आणि तिच्या पाठीला सगळं सांगितलं. कुंकू, ठिपके, सोळा तारीख. चार दिवस गप्प बसलो हेही सांगितलं. कलमाचं मात्र बोललो नाही. गाळायची खोड म्हणालो ती हीच.

तिनं नळ बंद केला. पदराला हात पुसून टेबलाशी आली आणि म्हणाली, आलेख दाखवा. मी दाखवला. तिनं आपली रोजनिशी आणली आणि एकेक दिवस बोटानं जुळवत गेली. कुणाच्या मशीनचं अडकलेलं चाक सोडवलं त्या ठिकाणी रेघेचा शेंडा होता, आणि तिच्या चेहऱ्यावर जे काही आलं ते मी सव्वीस वर्षांत पाहिलं नव्हतं. मग तिचं बोट नऊ चाळीसवर आलं. तिथून साडेसहावर गेलं. मग त्या रविवारच्या पन्नास मिनिटांवर. त्या वेळेला तिच्या रोजनिशीत लिहिलं होतं, ‘काही नाही. बसले होते.’

माझी मान खाली होती. ती काय म्हणेल याची मी वाट पाहत होतो, आणि ती जे म्हणाली त्यानं मी जास्तच मेलो.

“यंत्रच ते, चुकतही असेल,” ती म्हणाली. “तुम्ही मनाला लावून घेऊ नका.”

ती मला सांभाळून घेत होती. तिचा अर्ज बुडवला मी, आणि समजूत माझी चालली होती. तिनं चहासुद्धा ठेवला. चहा पिता पिता म्हणाली, विनंती करून पाहू, टिकल्यांची अदलाबदल झाली एवढं लिहून देऊ, घेतला अर्ज तर घेतला. मी कागद घेतला. आयुष्यात पहिल्यांदा सरळ लिहिलं. टिकल्या माझ्या हातून बदलल्या, माझा म्हणून गेलेला आलेख माझ्या पत्नीचा आहे, माझी बढती रद्द करावी. आणि शेवटी लिहिलं: ‘ही गोष्ट मला १६ जानेवारीला कळली. मी ती २० जानेवारी, सायंकाळी पाचपर्यंत पत्नीपासून दडवून ठेवली.’

वृषालीनं कागद वाचला. माझ्या हातातलं पेन घेऊन तिनं ती शेवटची दोन वाक्यं खोडली, नीट, पट्टीनं मारल्यासारखी रेघ.

“हे कशाला?” ती म्हणाली. “अदलाबदल कुणाचीही होते. हे वाचलं तर कार्यालयात तुम्हाला मान वर करता येणार नाही. हे आपल्या दोघांत राहू दे.”

मला सुटल्यासारखं वाटलं. हो, वाटलं. छातीला टिकली असती तर तिनं टिपलंही असतं. तो कागद तसाच गेला असता तर उशिराचं कारण नाही म्हणून दोन ओळींत परत आला असता. वृषाली म्हणाली असती, जाऊ दे. मी सज्जन राहिलो असतो. तिनं कागदाची घडी घालायला घेतली.

“घडी घालू नकोस,” मी म्हणालो. “ती वाक्यं असली तरच अर्ज घेतील. बत्तिसावं कलम आहे. दडवणाऱ्यानं तारखेसह लिहून द्यावं लागतं. सात दिवस मिळतात.”

तिचे हात थांबले. तिनं माझ्याकडे पाहिलं. आधीचा सांभाळून घेणारा भाव हळूहळू तिच्या चेहऱ्यावरून गेला आणि त्याच्या जागी दुसरं काही आलं नाही.

“म्हणजे नियमसुद्धा वाचून ठेवला होता तुम्ही,” ती म्हणाली.

मी हो म्हणालो.

“कधी?”

“सतराला. सकाळी.”

मनाला लावून घेऊ नका, असं या वेळी ती म्हणाली नाही. कोरा कागद माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाली, पहिल्यापासून लिहा. मी लिहीत गेलो, ती खुर्चीच्या मागं उभी राहून वाचत गेली. सोळा तारखेचं वाक्य झालं, वीस तारखेचं झालं. मी पेन ठेवणार होतो.

“सतराचंही लिहा,” ती म्हणाली.

मी ते लिहिलं आणि खाली सही केली.